रंगारघाटाचं रिकामं मैदान

चार माणसं मिळून एखादी जागा वाचवायला निघाली, की जागेचं काय व्हायचं ते होवो, किस्से मात्र साचतच जातात. गोदावरीचा पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर गाळ राहतो ना, तसे. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण दर वर्षी थर वाढलेलाच असतो.

आमची काठ समिती अशीच. नांदेडात जुन्या वस्तीच्या उताराला, नदीच्या काठावर, रंगारघाट आहे. कधीकाळी रंगारी तिथं कापड वाळवायचे. आता रंगारी उरले नाहीत, पण घाटाला लागून त्यांचं ते मोकळं मैदान उरलं आहे. तीन कडुलिंब, एक मारुतीचा ओटा, बाकी सगळं ऊन आणि वारा. शहराच्या नकाशात ते ‘खुली जागा’ म्हणून राखलेलं आहे आणि ते तसंच खुलं राहावं, एवढंच आमच्या समितीचं काम.

समितीत माणसं चार. सुलोचनाकाकू मुखेडकडच्या शेतकरी घरातल्या. लग्न होऊन त्या आमच्या गल्लीत आल्या, आणि त्या गल्लीच्या झाल्या म्हणण्यापेक्षा गल्लीच त्यांची झाली. इस्माईलभाई पिढीजात गादीवाले. पिंजलेला कापूस मैदानातलं ऊन खाल्ल्याशिवाय गादीत भरायचा नाही, हा त्यांच्या घराचा नेम. गंगमवार गुरुजी शाळेतून रिटायर झालेले; वस्तीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे म्हणायला लावलेलं आहे. चौथा मी, बालाजी. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. समितीत माझं काम एवढंच, की काय काय घडलं ते ध्यानात ठेवायचं.

*

समिती नंतर झाली, पण मैदानाशी आमची खरी ओळख झाली ती भूकंपाच्या वर्षी. केंद्र तिकडं लातूरच्या बाजूला होतं, पण इकडं फळीवरची भांडी आमचीही खाली आली होती. त्यानंतर कितीतरी आठवडे वस्तीतलं कुणी छताखाली झोपायला तयार नव्हतं. बाजा, सतरंज्या, स्टो, देवघरातले देवसुद्धा मैदानात राहायला आले.

एका दुपारी पुन्हा बारीकसा धक्का बसला. निम्मे लोक मैदानात होते, निम्मे काही ना काही आणायला घरी गेलेले. घरात होते ते मैदानाकडं पळाले, हे बरोबरच. पण मैदानात होते त्यांना घरी राहिलेलं माणूस आठवलं, चुलीवरचं दूध आठवलं, उघडं राहिलेलं कपाट आठवलं आणि ते सगळे घराकडं पळाले. मधली गल्ली एवढी अरुंद, की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला उतरावं लागतं. पिठाच्या गिरणीपाशी दोन्ही लोंढे एकमेकांना भिडले आणि कुणालाच पुढं सरकता येईना.

त्या गर्दीत काकू आणि त्यांचे यजमान अगदी नाकासमोर नाक असे अडकले. काकांच्या हातात दुधाचं पातेलं.

“कुठं निघालात?” काकूंनी विचारलं.

“मैदानात. तुला शोधायला.”

“मी घरी निघालेय. तुम्हाला आणायला.”

आता दोघांची गाठ पडलीच होती, तर दोघांनी तिथंच थांबायला काही हरकत नव्हती. पण काकू म्हणाल्या, निघालेय तर कुलूप बघून येते. मग काका मैदानाकडं आणि काकू घराकडं, पुन्हा ढकलाढकली सुरू.

जुन्या घरांच्या भिंतींमध्ये अख्खी वस्ती अशी कोंबून उभी असताना मोकळ्या मैदानात दोघंच उरले होते. एक इस्माईलभाई, ते कापूस सोडून हलले नव्हते. दुसरं धोब्याचं गाढव. त्या दिवसाची गोष्ट निघाली की इस्माईलभाई अजून म्हणतात, “उस दिन पूरे मोहल्ले में अकलवाले हम दोनोंच थे.”

*

पुढं काही वर्षांनी क्लासची लाट आली. लातूरचं बघून आमच्याकडंही गल्लोगल्ली क्लास निघाले. लोह्याची, मुखेडची, धर्माबादची पोरंपोरी एसटीतून उतरू लागली. ज्याच्याकडं जादा खोली होती त्यानं ती भाड्यानं दिली, ज्याच्याकडं नव्हती त्यानं जिन्याखाली पत्रा ठोकून खोली केली. प्रत्येक खोलीला एक एकट्यापुरती गादी लागायची. म्हणजे इस्माईलभाईंचं दुकान चाललं ते क्लासमुळं.

आणि नेमकं त्याच वेळी पेपरात पालिकेची सूचना आली. रंगारघाटाच्या मैदानाचं ‘खुली जागा’ हे आरक्षण उठवून तिथं ‘शैक्षणिक संकुल’ करण्याचा विचार आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावी. यामागं कोण होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. गावात त्यांना त्यांच्या नावानं कुणी ओळखत नाही, फिजिक्सवाले सर म्हणतात. माणूस वाईट नाही. हुशार, गोड बोलणारा, इस्त्रीची घडी न मोडणारा. त्यांना क्लासची इमारत आणि हॉस्टेल एका जागी हवं होतं, आणि गावात तेवढी मोकळी जागा दुसरी नव्हती.

समितीची पहिली मिटिंग इस्माईलभाईंच्या दुकानात भरली. पाहुण्यांना जमिनीवर कसं बसवायचं म्हणून त्यांनी नव्या कोऱ्या गाद्या अंथरल्या. उन्हात तापवून आणलेला कापूस, वर पंखा, दुपारची जेवणं झालेली. सूचना वाचून होईपर्यंत गुरुजींची मान कलली. गल्लीतले दहा-बाराजण आले होते, त्यातले बरेचसे आडवे झाले. काकू मात्र टक्क जाग्या. त्यांनी ठराव मांडला की मैदान वाचेपर्यंत पालिकेसमोर आमरण उपोषण करायचं आणि गल्लीतलं सगळ्यांत वजनदार नाव म्हणून गुरुजींनी बसायचं. कुणाची हरकत आहे का, असं त्यांनी रीतसर विचारलं. एकाचीही नव्हती.

गुरुजी जागे झाले तेव्हा त्यांचं आमरण उपोषण एकमतानं मंजूर झालं होतं!

तेव्हापासून समितीची मिटिंग मारुतीच्या ओट्यावर होते. त्या दगडावर कुणाला झोप लागत नाही.

*

गुरुजींचं वय पाहून काकूंनी आमरणचं साखळी केलं. म्हणजे रोज एकानं बसायचं. पहिला मान गुरुजींचाच. पालिकेच्या फाटकासमोर छोटा मंडप, मागं कापडी फलक, गुरुजी पांढऱ्या टोपीत. सकाळी हार वगैरे घालून आम्ही दुकानं उघडायला गेलो.

दुपारी पेपरवाला फोटो काढायला येणार म्हणून मी परत गेलो, तर गुरुजी मांडी घालून साबुदाण्याची खिचडी खात होते. शेजारी दाण्याच्या आमटीची वाटी.

झालं असं होतं, की त्या दिवशी नेमकी एकादशी. गुरुजींच्या घरी लग्नापासून एकादशीला खिचडीच होते. त्यांच्या बायकोनं गुरुजी कुठं बसलेत एवढंच विचारलं आणि डबा तिथं पोचता केला. आणि गुरुजींनी, लग्नापासूनच्या सवयीनं, तो उघडला. यात काही चुकतंय असं दोघांपैकी एकालाही वाटलं नव्हतं. उपासाच्या दिवशी उपासाचं खायचं, इतकं ते सरळ होतं.

फाटकावरचा पोलीस बराच वेळ बघत होता. शेवटी तो जवळ आला आणि आदबीनं म्हणाला, “गुरुजी, तुमचं उपोषण चालू हाय नं?”

गुरुजींच्या तेव्हा कुठं लक्षात आलं. पण त्यांनी घास खाली ठेवला नाही. शांतपणे चावून गिळला आणि म्हणाले, “आज देवाचं चालू आहे. पालिकेचं उद्यापासून.”

*

मग आम्हाला कुणीतरी सांगितलं, दुर्मिळ पक्षी दाखवा. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक होते. ते म्हणाले, नदीकाठच्या मोकळ्या जागेत एखादा वेगळा पक्षी सापडला तर तुमच्या हरकतीला वजन येईल. दिसला की मला बोलवा.

झालं. गुरुजी आणि मी रोज सकाळी कडुलिंबाखाली बसायला लागलो. कावळे, साळुंक्या, बगळे, होले. यातलं कुणीही मैदान वाचवेल असं वाटेना. पण एके दिवशी काकूंच्या घराच्या मैदानाकडच्या भिंतीवरच्या वेलाजवळ एक इवलासा हिरवट पक्षी दिसला, आणि त्याला चक्क पांढऱ्या मिशा! दोन्हीकडं झुबकेदार. गुरुजींनी माझा हात घट्ट धरला. अशा मिशा त्यांनी जन्मात कुठल्या पक्ष्याला पाहिल्या नव्हत्या, आणि मी तर माणसालाही पाहिल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक दुर्बीण घेऊन हजर. काकूंनी चहा केला. सगळ्यांनी श्वास रोखून धरला. पक्षी आला, मिशांसकट आला. प्राध्यापकांनी दुर्बीण लावली, खाली घेतली, काचा पुसल्या, पुन्हा लावली. त्यांच्याही चेहऱ्यावर काही क्षण मोठं काहीतरी हाती लागल्याचं तेज आलं.

तेवढ्यात पक्षी एका मोठ्या पानाआड शिरला आणि बाहेर आला तो बिनमिशांचा. भुर्रकन मैदानात गेला, उन्हाला टाकलेल्या इस्माईलभाईंच्या कापसात चोच घातली आणि नव्या मिशा लावून परत आला.

तो साधा शिंपी होता. पानं शिवून घरटं करतो आणि आत कापूस भरतो. असे शिंपी नांदेडात दर कुंपणाला आहेत, असं प्राध्यापक चहा संपवताना म्हणाले. समितीचे चेहरे पडले. इस्माईलभाई मात्र त्या पानाकडं कौतुकानं बघत राहिले.

“पक्षी कोनाचा ते आल्लाला ठाऊक,” ते म्हणाले. “मिशा आपल्या दुकानच्या हायत.”

*

पक्षी, उपोषण, सगळं करून झालं, तसे फिजिक्सवाले सर स्वतःच आम्हाला भेटायला आले. भांडायला नाही, समजूत घालायला. दोन माणसं मागं थर्माकोलचं मॉडेल घेऊन. ते त्यांनी मारुतीच्या ओट्यावर ठेवलं आणि वरचं कापड काढलं.

मॉडेल देखणं होतं यात शंका नाही. चार मजली इमारत, निळ्या काचा, कारंजं, हिरवीगार झाडं, आणि झाडाखाली चिमुकली माणसं बाकावर बसलेली. नदी खऱ्या नदीपेक्षा स्वच्छ. सर सांगत होते की गावाच्या लेकरांचंच भलं होणार आहे, ज्येष्ठांसाठी बाकंही ठेवली आहेत. गुरुजी वाकून चिमुकल्या माणसांमध्ये स्वतःला शोधत होते.

काकूंनी मॉडेलला एक पूर्ण चक्कर मारली. मग म्हणाल्या, “लई ग्वाड हाय. ह्याच्यात वाळवण कुठं घालायचं?”

सरांकडं उत्तर तयार होतं. त्यांनी बोटानं वरचा मजला दाखवला. गच्ची. ऊन वर जास्तच लागेल, धूळही नाही.

“आन् इस्माईलभाईचा कापूस?”

“तोही गच्चीवर.”

“लेकरांचं क्रिकेट?”

सर जरा थबकले, पण मागं हटले नाहीत. गच्ची मोठी आहे, जाळी लावू, म्हणाले.

“हाव,” काकू म्हणाल्या. “गच्चीला दार असंल नं?”

“असणारच. सेफ्टीसाठी.”

“किल्ली कोनाकडं?”

“वॉचमनकडं.”

काकूंनी कापड उचललं आणि हलक्या हातानं मॉडेलवर पुन्हा घातलं, झोपलेल्या लेकरावर घालावं तसं. म्हणाल्या, “मग सर, हे आमच्यासाठी न्हाई. हे वॉचमनसाठी हाय.”

*

त्या उन्हाळ्यात लोडशेडिंग असं सुरू झालं, की सकाळचा पंखा संध्याकाळी फिरायचा. माझ्या दुकानात तर जळालेल्या मोटारींची रांग लागली होती. क्लासच्या हॉलला खिडक्या नाहीत; भर परीक्षेच्या तोंडावर पोरं आत घामानं भिजून उठून जायला लागली. शेवटी एके सकाळी फिजिक्सवाले सर अख्खी बॅच घेऊन मैदानात आले. काळा फळा कडुलिंबाला टेकवला. आम्ही बघतच राहिलो.

काकूंनी त्यांना अडवलं नाही. वाळवणावर पाय द्यायचा नाही, एवढीच अट घातली. मग पापडांना वळसा घालून पोरं बसली आणि सर तरंगांचा धडा शिकवायला लागले. पण पलीकडं इस्माईलभाई पिंजायची धनुष्यासारखी कमान घेऊन कापूस पिंजत होते. दर वाक्याला मधे टणन्‌ आवाज. सरांचा शब्द ऐकू जाईना. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सर थांबले. आम्हाला वाटलं आता वाजलं.

सर चालत इस्माईलभाईंकडं गेले. पण भांडले नाहीत. त्यांना कमान घेऊन फळ्यापाशी यायची विनंती केली. तिथं कमानीची दोरी, म्हणजे तात, ढिली करायला लावली, वाजवायला लावली. घट्ट करायला लावली, पुन्हा वाजवायला लावली. तिच्या मधोमध बोट धरलं आणि आणखी एकदा वाजवायला लावली. आवाज चढत गेला तशी पोरांची डोकी वर होत गेली. धर्माबादची एक पोरगी म्हणाली, “सर, हे आधी का न्हाई दाखवलं?” सरांनाही हसू आलं. त्या दिवशी ते इतकं रंगून शिकवत होते, की इस्त्रीच्या शर्टावर कापसाचे पुंजके बसलेले त्यांच्या लक्षातही आले नाहीत.

तास संपल्यावर काकूंनी त्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, “बघा, किती झ्याक शिकवलात. आता तरी सोडा नं मैदानाचा नाद.”

सर पाणी पिऊन म्हणाले, “काकू, मला आवडलं म्हणून काय होतं? गावाकडचा बाप आला की आधी विचारतो, बिल्डिंग कुठंय. मी काय कडुलिंब दाखवू?”

काकूंनी रिकामा पेला घेतला आणि पापड उलटायला गेल्या.

इस्माईलभाईंचं मात्र वेगळंच. दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून, कमानीला नवी तात लावून, वेळेच्या आधीच फळ्यापाशी येऊन बसले. सर आले तसं उठून उभे राहिले आणि विचारलं, “सर, आज कौनसा चॅप्टर?”

*

शेवटी पालिकेचं उत्तर आलं. हरकती पोचल्या, आता मोठे साहेब स्वतः जागेची पाहणी करतील आणि मग ठरवतील. पाहणीत दिसेल तेच अहवालात जाईल. म्हणजे महिने न् महिने जे चाललं होतं, ते एका सकाळवर येऊन ठेपलं.

सरांच्या बाजूचं म्हणणं एका ओळीचं होतं: जागा रिकामी पडून आहे, कुणाच्याही उपयोगाची नाही. आम्हाला फक्त ते खोटं पाडायचं होतं. इतकं सोपं काम समितीच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

पण घरी मोठा माणूस येणार म्हटलं की आपण काय करतो? झाडलोट करतो. पसारा आत ढकलतो. पोरांना बाहेर खेळायला पाठवतो. आम्ही तेच केलं! आदल्या संध्याकाळी काकूंनी घरोघरी निरोप धाडला, की उद्या साहेब जाईपर्यंत कुणी मैदानात यायचं नाही. वाळवण नको, शेरडं नकोत, क्रिकेट नको. इस्माईलभाईंनी कापसाचा एकूण एक पुंजका वेचून नेला. मी सडा घातला. गुरुजींनी मारुतीच्या ओट्यासमोर रांगोळी काढली. क्लासच्या पोरांनीही पहाटेचा अभ्यास त्या दिवशी खोलीवर केला. मैदान इतकं चकाचक झालं, की सकाळी पाहून आम्हालाच अभिमान वाटला.

साहेब आले. जीपमधून उतरले, रुमालानं कपाळ पुसलं, चारी बाजूंना पाहिलं. तीन कडुलिंब, एक ओटा, एक रांगोळी. माणूस नाही, जनावर नाही, दोरीवर चिंधी नाही. फिजिक्सवाले सर त्यांच्या शेजारी उभे होते. त्यांना काही बोलावंच लागलं नाही.

“जागा रिकामीच दिसते,” साहेब म्हणाले, आणि पेनचं टोपण काढलं.

ते ऐकलं आणि आम्ही चौघं एकमेकांकडं बघायला लागलो. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. इस्माईलभाईंनी डोक्यावरच्या पटक्यापाशी हात नेला आणि तिथंच राहू दिला. गुरुजी पुढं होऊन सांगायला लागले की साहेब, रोज इथं किती माणसं असतात, आम्ही मुद्दामच… आणि मधेच थांबले, कारण ते आपल्याच कानाला खरं वाटेना.

साहेबांनी शिपायाला टेप काढायला सांगितली. एक टोक शिपायानं घाटाच्या कडेला धरलं. दुसरं टोक धरायला माणूस नव्हता, तर सर म्हणाले, आणा इकडं, आणि आपण होऊन ते टोक घेऊन कडुलिंबापर्यंत चालत गेले. सर्वांत लांबची बाजू आधी मोजायची होती.

माप घेऊन साहेब वळले ते गल्लीच्या तोंडाकडं, आणि तिथंच थांबले.

मोजणी होईस्तोवर गल्लीच्या तोंडाशी माणसंच माणसं येऊन उभी राहिली होती. काकूंनी यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती मैदानाच्या हद्दीबाहेर उभी होती, पण एक पाऊलही मागं नव्हती. पापडाच्या लाट्यांचे डबे घेतलेल्या बायका. बॅटी घेतलेली पोरं. शेरडाला दावं लावून धरलेले एक आजोबा. पुस्तक उघडून उभ्या उभ्याच पाठ करणाऱ्या क्लासच्या पोरी. इस्माईलभाईंच्या घरची माणसं डोक्यावर कापसाची गाठोडी घेऊन. साहेबाचं कधी आटपतंय याची वाट बघत सगळं गाव ताटकळलं होतं.

“हे कोण लोक?” साहेबांनी विचारलं. “मोर्चा आहे का?”

“न्हाई न्हाई, साहेब,” काकू घाईघाईनं म्हणाल्या. “तुमचं चालू द्या. तुम्ही गेलात की येतेत ते.”

“कशाला?”

काकूंना प्रश्नच कळेना.

तेवढ्यात ती गर्दी बाजूला सारत एक म्हातारी थेट मैदानात शिरली. हिरवं नऊवारी, पदर खोचलेला, दोन्ही हातांत फडक्यानं धरलेलं वाफाळतं पातेलं, काखेत सोऱ्या आणि खांद्यावर जुन्या धोतराची घडी. कुरडयांचा चीक गरम असतो तोवरच सोऱ्यातून उतरतो. गार झाला की घट्ट होऊन बसतो आणि सगळा गहू वाया. तिनं आधीच पुष्कळ वाट पाहिली होती. पाठोपाठ तिला हाका मारत दोन बायका आल्या, पण ती कुणाचं ऐकणारी दिसत नव्हती. साहेबांच्या पुढून, शिपायाच्या टेपवरून पाय टाकून ती सरळ कडुलिंबापाशी गेली, पातेलं खाली ठेवलं आणि धोतराची घडी झटकून उलगडली.

आमच्यापैकी कुणीच तिला ओळखत नव्हतं. वस्तीत नवीन होती. साहेबांनी काकूंकडं पाहिलं, काकूंनी मान हलवली. मग साहेबांनी कडुलिंबापाशी टेप धरून उभ्या असलेल्या सरांना विचारलं, “ह्या बाई कोण?”

सरांनी बुटांकडं बघितलं.

“आमची आई आहे,” ते म्हणाले. “मागच्या हप्त्यातच गावाकडून आणलंय.”

“रोज येतात इथं?”

सरांनी काही बोलायच्या आत म्हातारीनं मान वर केली. साहेब कोण, पाहणी कसली, तिला कशाशीच देणंघेणं नव्हतं. तिनं धोतराचं एक टोक स्वतःच्या हातात धरलं आणि दुसरं मुलापुढं केलं.

“आरं, उभा काय ऱ्हायलास? चीक गार व्हायलाय. ते सोड आन् हे टोक धर.”

सरांनी टेप सोडली, वाकले, आणि धोतराचं टोक धरलं.